पंखांखालच्या दोन टाक्या

मे महिना लागला की आमच्या घरात पहिलं भांडण कुलरवरून होतं. वाळ्याच्या ताट्या बदलायच्या कुणी, माळ्यावरून पंप उतरवायचा कुणी, आणि गेल्या वर्षी तो न पुसता तसाच पोत्यात कोंबला कुणी. यंदाही झालं. अयोध्या नगरातल्या या घरात आता एसी आहे, पण आईला तो चालत नाही, तिचे गुडघे धरतात. म्हणून तिच्या खोलीच्या खिडकीला अजूनही कुलर. मी नव्या ताट्यांवर पाणी मारून बघत होते, वाळ्याचा ओला वास नुकता खोलीत शिरला होता, आणि बाहेर भोंगा वाजला.

आधी वाटलं बाबांच्या कारखान्याचा. पण कारखान्याचा भोंगा मी झोपेतही ओळखीन, आमची सगळी जेवणं त्याच्यावर झालेली. हा वेगळा होता, चढत जाणारा, उतरत येणारा, पुन्हा चढणारा. शेजारची सूनबाई गच्चीवरून ओरडली, “दीदी, कुछ नहीं है, मॉक ड्रिल है!” हवाई हल्ल्याची तालीम, आणि कुछ नहीं है म्हणे. माझ्या हातातला मग बादलीत पडला.

बाहेरच्या खोलीत दादा टीव्हीसमोर बसला होता. दादा म्हणजे माझा मोठा भाऊ, अभय. वायुसेनेत लढाऊ विमानं चालवायचा, आता निवृत्त आहे. त्याची मुलगी इरा आता तेच करते. ती सध्या कुठे आहे हे ती सांगत नाही, आणि आपण विचारायचं नाही ही आमच्या घरातली जुनीच रीत. वहिनी तिच्या आईच्या आजारपणासाठी नाशिकला गेलीय, म्हणून दादा आमच्याकडे राहायला आलाय. राहायला कसला, टीव्हीसमोर बसायला. पडद्यावर सीमेचे नकाशे, लाल बाण, कोट घातलेली ओरडणारी माणसं, आणि दादानं आवाज पूर्ण बंद केलेला. नुसती तोंडं हलताना बघत बसतो. चहा दिला तर पितो, नाही दिला तर मागत नाही.

त्याला तसं बसलेलं बघितलं आणि मला तो उन्हाळा आठवला. आठवला कसला, तो गेला होता कुठे? पंचवीसेक वर्षं झाली, पण दर मे महिन्यात तो आपला येऊन उंबऱ्याशी उभा असतो.

तेव्हा आम्ही कारखान्याच्या टाउनशिपमध्ये राहायचो. पिवळ्या रंगाची क्वार्टर्स, पुढे मेंदीचं कुंपण, मागे आंगण, रस्त्याच्या दोन्ही बाजूंना गुलमोहर. दुपारी लू सुटली की रस्ते ओस पडायचे, वितळलेल्या डांबराला सायकलची चाकं चिकटायची आणि कुणाच्या तरी घरातून कैरी उकडल्याचा वास यायचा. सगळ्या हिंदुस्थानातली माणसं होती तिथे. आमच्या एका बाजूला बंगाली, दुसऱ्या बाजूला सक्सेना काका, समोर मल्याळी. आम्ही मूळचे अमरावतीकडचे. घरात मराठी, दारात हिंदी, आणि मी चिडले की दोन्हीची भेळ. आई अजूनही म्हणते, “ही भांडते हिंदीत आणि रडते मराठीत.”

बाबा कारखान्याच्या स्टोअर्समध्ये होते. म्हणजे जिथून खिळ्यापासून क्रेनच्या साखळीपर्यंत सगळं निघतं आणि जिथे त्यातलं बरंचसं परत यावं लागतं. बाबांच्या जगात वस्तूंच्या दोनच जाती होत्या, रिटर्नेबल आणि नॉन-रिटर्नेबल. गेटमधून वस्तू बाहेर जाताना पासवर तसा शिक्का पडायचा. गॅसचे सिलिंडर, ड्रम, केबलचे लाकडी रीळ, हे सगळे रिटर्नेबल. बाहेर गेले की बाबांचा जीव टांगणीला. एखादं रीळ वेळेवर आलं नाही तर हा माणूस ताटावर बसून भात नुसता कालवत राहायचा. आई म्हणायची, “रीळ गेलंय, पोरगी नाही गेली कुणाची पळून. जेवा.”

ही शिस्त त्यांनी घरीही आणली. आमच्या प्रत्येक भांड्यावर नाव कोरलेलं, अगदी चहाच्या गाळणीच्या दांड्यावरसुद्धा. शेजारी डबा गेला तर बाबा संध्याकाळी विचारणार, “डबा आला का गं?” आणि दुसऱ्याचा डबा आपल्याकडे राहिला तर त्यांना स्वतःच चोर असल्यासारखं वाटायचं. मी एकदा मैत्रिणीला केसांचा क्लिप दिला, तर मला विचारलं, “परत देणार आहे ना ती?” मी म्हटलं, “बाबा, नॉन-रिटर्नेबल आहे.” दोन दिवस माझ्याशी बोलले नाहीत.

अशा माणसाचा मुलगा विमान उडवायला गेला. बाबांना अभिमान होता, पण त्यांच्या परीनं. दादाची पहिली सुट्टी झाली तेव्हा त्यांनी त्याला कोपऱ्यात घेऊन सांगितलं होतं, “हे बघ, ते विमान सरकारचं आहे. जसं नेलंस तसं परत आणून लावायचं.”

त्या उन्हाळ्याच्या आधीच्या थंडीत दादा सुट्टीवर आला होता. आई ओट्याशी दुधी किसत होती, हलव्यासाठी. मी वाटाणे सोलत होते, म्हणजे सोलत कमी आणि खात जास्त. बाबा दारात पेपर घेऊन उभे होते. आईनं सहज विचारलं, “काय रे, त्या फोटोत तुझ्या विमानाच्या पंखांखाली ते दोन लांबोडे काय लटकलेत? बॉम्ब आहेत का?”

दादा हसला. “बॉम्ब नाही गं. टाक्या आहेत, इंधनाच्या.” त्यानं टोपलीतले दोन दुधी उचलले, एकेका हातात एकेक धरला आणि हात पसरून स्वयंपाकघराच्या मधोमध उभा राहिला. “हे बघ, मी विमान. पोटात माझं स्वतःचं इंधन आहे. पण लांब जायचं असलं की ते पुरत नाही. मग हे जास्तीचं असं बाहेर बांधून न्यायचं. आणि वापरायचं आधी बाहेरचं. पोटातलं शेवटपर्यंत राखून ठेवायचं.”

“मग बरोबरच आहे,” आई म्हणाली. “प्रवासात आधी डब्यातलं खावं, मग स्टेशनावरचं बघावं.”

बाबांनी पेपर खाली केला. “रिकाम्या झाल्यावर काय करता?”

“परत आणतो. महाग असतात, बाबा.”

“म्हणजे रिटर्नेबल,” बाबा समाधानानं म्हणाले. पेपरची घडी घातली, चपला घातल्या आणि सक्सेना काकांकडे गेले. फाटकाची कडी वाजली.

आईची किसणी चालूच होती. तिनं वर न बघता विचारलं, “नेहमी परत येतात का रे?”

दादानं दोन्ही हातांतले दुधी सोडून दिले. धप्प. एक जागीच फुटला, दुसरा गडगडत फ्रीजखाली गेला. “मागे कुणी लागलं की सोडून द्यायच्या. बटण दाबलं की दोन्ही खाली. भरलेल्या असल्या तरी. विमान हलकं होतं, झटकन वळतं. जीव वाचवायचा तर आधी ओझं टाकायचं.”

“बाप्पा!” आई म्हणाली. मग थोड्या वेळानं म्हणाली, “काहून फोडलास रे चांगला दुधी? उचल तो आधी.” दादा फ्रीजखाली हात घालून दुधी काढत होता आणि मी हसत होते. आईसुद्धा हसली. थंडीचे दिवस होते, हलवा चांगला झाला होता, आणि लढाई वगैरे काही कुणाच्या मनातही नव्हतं.

मग मे संपता संपता डोंगरात लढाई सुरू झाली.

दादाचा फोन आला, “थोडे दिवस आता फोन नाही जमणार. टीव्ही जास्त बघू नका.” एवढंच. टीव्ही बघू नका म्हटल्यावर माणूस दुसरं काय करणार? आम्ही टीव्हीच बघत बसलो. मी बी.कॉम.ची परीक्षा देऊन निकालाची वाट बघत होते, म्हणजे घरात रिकामीच होते. निकालाची धाकधूक तेव्हा मला फार मोठी वाटायची. महिन्याभरात ती इतकी लहान झाली की शोधून सापडेना.

आमच्याकडे फोन नवाच आला होता. बाहेरच्या खोलीत, आईनं विणलेल्या रुमालाखाली. त्याच खोलीत कुलर. आमचा कुलर म्हणजे कारखान्याच्या पत्र्याचा, गावातल्या लोहारानं ठोकून दिलेला, त्याच्या आवाजात शेजारी बसलेल्या माणसाचंही बोलणं ऐकू येत नसे. त्यामुळे फोन वाजला की पहिला आरडाओरडा, “कुलर बंद करा!” कुणीतरी धावत जाऊन बटण दाबायचं. पंखा घरघरत मंदावायचा, पाणी टिपटिप गळायचं थांबायचं आणि घरात एकदम शांतता व्हायची. त्या शांततेत घाम फुटायचा. रिसीव्हर उचलून ‘हॅलो’ म्हणेपर्यंत जो वेळ जायचा, त्यात मी काय काय नवस बोलले असेन ते त्या देवांनाच माहीत. बहुतेक वेळा फोन चुकीचा असायचा. नाहीतर टी. टी. नगरातून बाबांच्या चुलतबहिणीचा, “काही कळलं का?” अरे, कळलं असतं तर आम्ही ढोल नसता वाजवला?

एका दिवशी बातमी आली की आपलं एक विमान परत आलं नाही. नाव सांगितलं नाही. दुपारभर नाव सांगितलं नाही. आई देवापुढे बसली नाही की रडली नाही, तिनं सगळे डबे काढून फडताळ धुवायला घेतलं. बाबा स्कूटर काढायचे, पुन्हा स्टँडवर लावायचे. संध्याकाळी नाव आलं, ते दादाचं नव्हतं. मला इतकं हायसं वाटलं की मी मोठ्यानं हसले, आणि दुसऱ्याच क्षणी स्वतःची किळस आली. ते दुसऱ्या कुणाचं तरी घर होतं. त्यांच्याकडेही आई असेल, तीही डबे पुसत बसली असेल. आम्ही तिघं त्या रात्री जेवलो नाही, आणि का जेवलो नाही याबद्दल एकमेकांशी बोललोही नाही.

त्यानंतर काही दिवसांनी भर दुपारी फोन वाजला. बाबा जेवणाच्या सुट्टीत घरी आलेले, पानावर बसलेले. आई आंबे पिळत होती. मी कुलर बंद केला. बाबांनी उष्ट्या हातानं रिसीव्हर उचलला आणि ओरडायला लागले. फोनवर ओरडायचंच असतं असा त्यांचा समज होता.

“हॅलो! अभय! कसा आहेस? ... काय? ... किती नग? ... दोन्ही? ... अरे मग वरती कळवलंस का?” आणि मग रिसीव्हर कानापासून लांब धरून बघत राहिले. लाइन गेली होती.

“ठीक आहे तो,” बाबा म्हणाले. आम्ही श्वास सोडला. “ठीक आहे, पण घोळ करून बसलाय. म्हणतो, बाबा, तुमच्या भाषेत शॉर्टेज आलंय. दोन नग नेले होते, परत आणले नाहीत. त्या पंखाखालच्या टाक्या. दोन्ही घालवल्या यानं!”

कुलर बंदच होता. आईचे हात मनगटापर्यंत रसात. तिनं माझ्याकडे बघितलं आणि मी तिच्याकडे. बाबा खुर्चीवर बसून कपाळाला हात लावून म्हणत होते, “आता चौकशी लागणार. सर्व्हिस रेकॉर्डवर जाणार. याला सांगितलं होतं, जसं नेलं तसं परत आणायचं.”

माझ्या डोळ्यांपुढे तो फ्रीजखाली गडगडत गेलेला दुधी. मागे कुणी लागलं की सोडायच्या. म्हणजे लागलं होतं कुणीतरी. माझ्या भावाच्या मागे. मी काही बोलणार, तेवढ्यात आई म्हणाली, “त्याचं जेवणखाण होतंय का वेळेवर?”

“विचारायचं राहिलं,” बाबा म्हणाले.

“राहू द्या. पुढच्या वेळी विचारा. पोळी वाढू का?” आणि तिनं पोळी वाढली. रस सांडला नाही. मी मात्र आतल्या खोलीत जाऊन उशीत तोंड खुपसलं.

संध्याकाळी ती आंगणात कपडे काढत होती तेव्हा मी तिला गाठलं. “आई, बाबांना सांगायला पाहिजे. त्यांना वाटतंय दादानं टाक्या हरवल्या.”

“वाटू दे.”

“अगं पण...”

“काय सांगू त्यांना? तुमच्या पोराच्या मागे मरण लागलं होतं म्हणून? आणि उद्या पुन्हा लागेल म्हणून?” तिनं बाबांचा शर्ट झटकला, घडी घातली, पुन्हा मोडली. “चौकशीची काळजी करू दे त्यांना. ती काळजी त्यांना झेपते. जन्मभर तीच केलीय. ही दुसरी नाही झेपायची.”

“आणि तुला झेपते?”

“मला कोण विचारतं,” ती म्हणाली, आणि घडी घालून आत गेली. त्या उन्हाळ्यात आमच्याकडे पुन्हा दुधी आला नाही. भाजीवाला दारात ‘लौकी, ताज़ी लौकी’ ओरडला की ती खिडकी लावून घ्यायची.

मग आमच्या घरात एक विचित्र गोष्ट सुरू झाली. टीव्हीवर बातम्या वाईट यायला लागल्या, तिरंग्यात गुंडाळलेल्या पेट्या दाखवायला लागले, की आई मधूनच विचारायची, “अहो, पण त्या टाकीची किंमत काय असेल हो?” झालं. बाबांची मान टीव्हीवरून वळायची. ॲल्युमिनियमचा भाव, घडणावळ, पगारातून कापून घेतील का, एकरकमी की हप्त्यानं. सक्सेना काका आले की चौकशीला आणखी रंग चढायचा. सक्सेना काका अकाउंट्समधले. ते गंभीर चेहऱ्यानं सांगायचे, “भाई साहब, लॉस इन ट्रान्झिट दिखा देंगे, मतलब रास्ते में खोया माल. लड़के की क्या गलती है?” बाबा म्हणायचे, “लेकिन ट्रान्झिट में तो वही था, सक्सेना जी!” मला हसू यायचं आणि त्याच हसण्यातून रडू. मीही आईचं बघून शिकले. बाबा फार गप्प झाले की विचारायचे, “बाबा, चौकशीला कोण बसतं हो?”

आणि बाबांनाही काही काळवेळ नसे. आई कुठे नुसती बसली, भिंतीकडे बघत, हातात लसणाची पाकळी तशीच धरून, की नेमके हे स्वयंपाकघराच्या दारात हजर. “अगं, मी विचार केला. साहेब असं म्हणाला तर यानं काय उत्तर द्यायचं? तू सांग, तू साहेब आहेस असं समज.” मग आईला साहेब व्हावं लागायचं. मला तेव्हा बाबांचा इतका संताप यायचा! म्हटलं, जरा बसू द्या की तिला.

मला पुढे कितीदा वाटलं, माणसं काळजीसुद्धा दादाच्या विमानासारखीच वापरतात. आधी बाहेरची जाळायची. भाड्याची, निकालाची, चौकशीची, पाहुण्यांना चहा पुरेल का याची. आतली राखून ठेवायची, तिला हात लावायचा नाही. ती पेटली तर मग परत यायची सोय नाही. लोक म्हणतात, कसल्या फालतू गोष्टींची चिंता करता. करू द्यावी. फालतू चिंता करणारा माणूस कशाच्या कडेला उभा आहे हे आपल्याला दिसत नसतं.

जुलैत माझा निकाल लागला. फर्स्ट क्लास. बाबा म्हणाले, “शाब्बास,” पेढे आणले, देवापुढे ठेवले, आणि पेढा तोंडात टाकताना म्हणाले, “एकच टाकी गेली असती तर गोष्ट वेगळी होती, नाही?” मी म्हटलं, “हो बाबा, एक चालली असती.”

लढाई संपली. त्यानंतर दादा सुट्टीवर आला. आम्ही तिघं स्टेशनवर. तो उतरला, काळवंडलेला, गालफडं बसलेली, आणि बाबांनी त्याच्या हातातली बॅग हिसकावूनच घेतली. “गाडीला गर्दी होती का? बसायला मिळालं? केस किती बारीक कापलेत हे! जेवलास?” घरापर्यंत असंच. आईनं स्वयंपाकघरात संधी साधून दादाला बजावून ठेवलं होतं, “बाबा विचारतील. चौकशी झाली, सगळं माफ झालं, एवढंच सांग. काय झालं होतं ते बोलू नकोस.” दादानं मान डोलवली. त्याच्याही लक्षात आलं की त्यानं केलेला विनोद या घरात कुठवर पोचला होता.

तो सुट्टीभर घरी राहिला. बाबांनी त्याला रोज स्कूटरवर मागे बसवून बाजारात नेलं, जिलबी आणली, न्हाव्याकडे स्वतः बरोबर गेले. चौकशीचं काही विचारलं नाही. आम्ही म्हटलं, पोरगं डोळ्यांनी दिसलं, आनंदात विसरले असतील. दादा परत गेला. बाबा रिटायर झाले, क्वार्टर सोडलं, इथे अयोध्या नगरात घर बांधलं. बाबा जाऊनही आता बरीच वर्षं झाली. दादाचं लग्न झालं, इरा झाली, आणि ती चार वर्षांची असताना गच्चीवर हात पसरून पळायची तेव्हाच मला कळायला हवं होतं.

परवा, भोंगा वाजला त्या दिवशी, मी दादाला उठवून आईच्या खोलीत आणलं. म्हटलं, टीव्ही पुरे, जरा कुलरपाशी बस. आई पलंगावर पाय पसरून बसली होती. तिनं तिच्या परीनं जुनी युक्ती काढली. “काय रे, इराच्या लग्नाचं काही बघता की नाही तुम्ही? पोरगी पंचविशीला आली.”

“हं,” दादा म्हणाला.

“तुझं ते ब्लडप्रेशरचं औषध संपलंय म्हणत होतास.”

“हं.”

आई माझ्याकडे बघायला लागली. काय देणार या माणसाला? दादाला सगळं माहीत आहे. विमान किती वेळ हवेत राहतं, कुठून काय सुटतं, किती सेकंद मिळतात. टीव्हीवरचा बाण बघून तो सांगू शकतो की तिथे आत्ता काय चाललं असेल. त्याला गुंतवायला आमच्याकडे काही नव्हतं.

मग तोच बोलला. “बाबांचं बरं होतं गं आई. त्यांना चौकशीची तरी चिंता होती. मला तेवढीही नाही. मला सगळं कळतं, हाच घोळ आहे. तिचा फोन आला की ती काय बोलत नाहीये ते मला ऐकू येतं.”

आईनं उशी पाठीशी सरकवली. मग म्हणाली, “तुला काय वाटतं, त्यांना कळलं नव्हतं?”

“काय?”

“तू त्या वेळी सुट्टी संपवून गेलास ना, तेव्हा फाटक लावता लावता माझ्या लक्षात आलं. यांनी चौकशीचं विचारलंच नाही. इतके दिवस पोरगा घरात होता, एक अक्षर नाही. अरे, जन्म स्टोअरमध्ये काढलेला माणूस. केबलचं रीळ आलं नाही तर ज्याला भात जात नसे. तो शॉर्टेज विसरतो होय रे?”

दादा तिच्याकडे बघतच राहिला. मीही.

“पहिल्या दिवसापासून कळलं होतं त्यांना,” आई म्हणाली. “कसं ते मला माहीत नाही. बाप होते, कळलं असेल. मला वाटत होतं मी त्यांना चौकशीत गुंतवून ठेवलंय. आणि ते मला गुंतवून ठेवत होते. मी भिंतीकडे बघत बसले की यायचे ना दारात, तू साहेब आहेस असं समज म्हणून.”

बाई गं. आणि मी त्या माणसावर चिडत होते.

“मग तू बाबांना बोलली नाहीस कधी?” मी विचारलं.

“काय बोलणार? तोपर्यंत सगळं निभावलं होतं. उगाच कशाला उकरायचं म्हटलं.” तिनं पदरानं तोंड पुसलं. “पण चुकलं आमचं. समोरासमोर बसून जेवत होतो, आणि एकदाही म्हटलं नाही की अहो, मला भीती वाटते. त्यांनीही नाही म्हटलं. तेवढं राहून गेलं बघ.”

 दादा उठेल आणि टीव्हीकडे जाईल असं मला वाटलं. तो उठला, पण आईच्या पलंगाशी जमिनीवर येऊन बसला. साठीकडे निघालेला माणूस, डोक्यावर चार केस. “आई,” तो म्हणाला, “मला फार भीती वाटतेय गं.”

“मग वाटू दे की,” आई म्हणाली आणि त्याच्या डोक्यावर हात ठेवला. “लपवतोस काहून? मलाही वाटतेय. मागच्या वेळी आम्ही दोघं वेगवेगळे घाबरलो. या वेळी एकत्र घाबरू.”

मीही खाली फरशीवर बसले. तिघं तसेच बसलो. कुणी कुणाला काही खायला दिलं नाही, कुणी विषय बदलला नाही. भीती कमी झाली असं काही मी म्हणणार नाही, ती तेवढीच होती, पण तिला बसायला जागा मिळाली.

इराचा फोन ऊन उतरल्यावर आला. दादानं फोन सगळ्यांना ऐकू येईल असा लावून पलंगावर ठेवला. “बाबा, मी एकदम मस्त आहे हां,” ती म्हणाली, नेहमीच्या त्या खणखणीत आवाजात. “आजी काय करतेय? तुम्ही सगळे मजेत ना?”

“नाही गं,” दादा म्हणाला. “मी मजेत नाहीये. मी घाबरलोय.”

 लाइन गेली असं वाटून आईनं फोनकडे हात नेला. मग इराचा आवाज आला, एकदम लहान, गच्चीवर पळायची तेव्हाचा.

“मीपण, बाबा.”